गॅलापागोसला १४ जणांचा ग्रुप : कुठली बेटं, कुठला महिना, क्रूझ की बेटावर राहायचं?

घाटावरची

नमस्कार मंडळी, जरा मोठा प्रश्न आहे, सांभाळून घ्या. आम्ही न्यू जर्सीतल्या चार घरांचा ग्रुप, दरवर्षी एकत्र कुठेतरी जातो, यलोस्टोन झालं, ग्लेशियर झालं, आता सगळ्यांच्या डोक्यात इक्वेडोरची गॅलापागोस बेटं बसलीयत. एकूण १४ जण, त्यात माझे सासू-सासरे (दोघंही सत्तरीच्या पुढचे, रोज चालतात पण सासूबाईंचा एक गुडघा कुरकुरतो) आणि ८ ते १५ वयाची चार मुलं. पोहता येतं निम्म्या लोकांना.

एका एजंटशी बोलले तर तो म्हणतो पाच दिवसांत सगळी मुख्य बेटं करून देतो, ख्रिसमसला या. मला ते जरा घाईचं वाटतंय. आम्हाला फोटो काढून पुढच्या स्पॉटला पळायचं नाहीये, प्राणी-पक्षी नीट, वेळ देऊन बघायचेत. माझ्या धाकट्याने अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्यावर शाळेत प्रोजेक्ट केलाय, त्याला तोच बघायचाय, बाकी काही नाही दिसलं तरी चालेल म्हणतो. तर ख्रिसमस की उन्हाळ्याची सुट्टी? क्रूझ की हॉटेल? आणि सगळे म्हणतात प्राणी अगदी पायाशी येतात ते कितपत खरं? कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज हातचं न राखता सांगा.

दुर्बीणवाला

बेटांची यादी आत्ता बाजूला ठेवा. आधी घरात बसून ठरवा कोणाला काय बघायचंय, बेटं त्यावरून आपोआप ठरतात, कारण तिथे एका बेटावरचा प्राणी दुसऱ्या बेटावर मिळेलच असं अजिबात नाही. न उडणारा पाणकावळा फक्त पश्चिमेला, इसाबेला आणि फर्नांडिनाच्या किनाऱ्याला. लाल पायांचे बूबी (हेही समुद्रपक्षी) भरपूर बघायचे तर वर ईशान्येला हेनोवेसा, आणि वेव्हड अल्बट्रॉसची जवळजवळ सगळीच्या सगळी वीण एकट्या एस्पान्योलावर, आग्नेयेच्या टोकाला. डार्विन १८३५ मध्ये आला तेव्हा चारच बेटांवर उतरला होता, आणि त्यालाही मॉकिंगबर्ड पक्षी बेटागणिक वेगळे दिसतात हे तिथेच जाणवलं.

आता धाकट्याचा अल्बट्रॉस. ख्रिसमसला नाही मिळणार तो. हे पक्षी मार्चअखेर-एप्रिलला एस्पान्योलावर यायला लागतात, अंडी घालतात, पिल्लं वाढवतात आणि डिसेंबरात पिल्लं उडाली की सगळे पेरू-इक्वेडोरच्या किनाऱ्याकडच्या समुद्रावर निघून जातात, जानेवारी ते मार्च त्यांची जागा रिकामी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एखादं उशिराचं पिल्लू दिसलं तर दिसलं. तुम्हाला शाळेच्या सुट्टीतच जायचंय तर जूनअखेर किंवा जुलै धरा, म्हणजे अंड्यावर बसलेले, छोटी तपकिरी पिल्लं असलेले, आणि अजून जोडी न जमलेले तरुण पक्षी असे सगळेच असतात.

त्या तरुण मंडळींसाठीच थांबायचं असतं खरं तर. एस्पान्योलावर पुंता सुआरेझ म्हणून जागा आहे, खडकाळ पायवाट, तिच्या कडेलाच दोन पक्षी समोरासमोर उभे राहतात, पिवळ्या लांब चोची एकमेकींभोवती गोल फिरवतात, मग चोचीवर चोच इतक्या भराभर आपटतात की टिपऱ्या खेळल्यासारखा आवाज येतो, मध्येच एकजण चोच आभाळाकडे करून लांब हाक घालतो, मग दोघं माना वाकवतात, पुन्हा पहिल्यापासून. मध्येच एक निघून जातो डुलत डुलत, दुसरा उभाच. हे पाच मिनिटांत नाही कळत. आमच्या आधीचा एक ग्रुप फोटो काढून लगेच पुढे गेला, आम्ही गाईडला विनंती करून तिथेच बसलो आणि मग हळूहळू लक्षात यायला लागलं की कुठली जोडी नवखी आहे आणि कुठली सरावलेली, नवख्यांचा क्रम चुकतो, एकाची चोच आत येते तेव्हा दुसरा भलतीकडे बघत असतो. पुढे कड्यावर जा, तिथून हे पक्षी उडतात, पंख सव्वादोन मीटरच्या आसपास, सपाट जागेवरून सहज उडता येत नाही म्हणून बिचारे चालत कड्याच्या टोकापर्यंत येतात आणि वाऱ्यात स्वतःला सोडून देतात.

पाच दिवसांत सगळी बेटं हे डोक्यातून काढून टाका. नॅशनल पार्कचा नियम आहे की बोटीला चौदा दिवसांत त्याच जागी पुन्हा जाता येत नाही, त्यामुळे बहुतेक बोटी दोन-तीन वेगळे फेरे आलटून पालटून करतात, एक पश्चिमेचा, एक आग्नेयेचा, एखादा हेनोवेसाचा. एका आठवड्यात त्यातला एक फेरा नीट होतो. तुम्ही एस्पान्योला असलेला फेरा बघा आणि बाकीच्याचा मोह सोडा.

आणि तुमचे १४ जण हा आकडा फार सोयीचा आहे. एका गाईडबरोबर जास्तीत जास्त १६ लोक असा नियम आहे आणि बऱ्याच छोट्या बोटी बरोबर १६ प्रवाशांच्याच असतात, म्हणजे अख्खी बोट तुम्हीच घेतली तर कुठे किती थांबायचं यावर गाईडशी आधीच बोलून ठेवता येतं.

ओसरी

मी जरा दुसरी बाजू सांगते, कारण आम्ही आई-बाबांना घेऊन बेटावर हॉटेलात राहून केलं होतं. सांता क्रूझ बेटावरचं पुएर्तो आयोरा गाव आणि मग सान क्रिस्तोबाल बेट. खर्च क्रूझपेक्षा बराच कमी येतो, रात्री पाय जमिनीवर असतात, आणि कोणाला बरं नसेल तर तो दिवस त्याने आराम करावा, बाकीच्यांनी जावं, क्रूझवर हे जमत नाही.

पण एका बेटावरून दुसऱ्यावर जायच्या स्पीडबोटी म्हणजे दोन-अडीच तास नुसती आदळआपट. ज्यांना बोट लागते त्यांनी आधीच गोळी घ्यावी आणि मागच्या बाजूला बसावं. पाठीचा किंवा मणक्याचा त्रास असेल तर मी तरी नेणार नाही. जुलै ते ऑक्टोबर समुद्र जास्त खवळलेला असतो हेही लक्षात ठेवा, क्रूझ घेतलीत तर सासू-सासऱ्यांना खालच्या डेकवरची मधली केबिन मागून घ्या, तिथे हलणं कमी जाणवतं.

आमच्या बाबांना सगळ्यात काय आवडलं असेल तर सांता क्रूझच्या वरच्या अंगाची कासवं. तिथे पायवाट सोपी आहे, धुकं असतं, हिरवीगार कुरणं, आणि त्यात ती प्रचंड कासवं आपापली गवत खात फिरतायत. मोकळी, कुंपणाबिंपणात नाही. जून ते डिसेंबर वरच्या भागात जास्त असतात, पाऊस पडला की बरीचशी खाली उतरतात. आम्ही एका कासवासमोर बराच वेळ नुसते उभे होतो, गवताचा घास तोडताना कर्र असा आवाज येतो, मान वळवायला घेतं ते केवढा वेळ घेतं, आणि आपण जरा जवळ सरकलो की फुस्स करून डोकं आत. ते फुस्स म्हणजे राग नव्हे, डोकं आत ओढताना फुप्फुसातली हवा बाहेर पडते असं गाईडने सांगितलं. तिथे पेरूची झाडं माजलीत, बाहेरून आणलेली, कासवं पेरू खातात आणि बिया सगळीकडे पसरवतात, त्यामुळे पार्कवाल्यांच्या डोक्याला तो एक वेगळाच ताप आहे.

पुएर्तो आयोरात डार्विन रिसर्च स्टेशनच्या आवारात लोनसम जॉर्ज जतन करून ठेवलाय, पिंटा बेटाच्या जातीचा शेवटचा कासव, २४ जून २०१२ ला गेला. मुलांना नक्की दाखवा. आणि त्याच्याच जोडीला एस्पान्योलाच्या कासवांची गोष्ट सांगा, तिथे उरली होती फक्त १४, दोन नर आणि बारा माद्या, त्यात सान डिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून दिएगो नावाचा तिसरा नर आणला, पैदास करून करून जवळजवळ दोन हजार कासवं परत बेटावर सोडली आणि २०२० मध्ये दिएगोला स्वतःलाही तिथेच सोडलं. माझी मुलगी जॉर्जसमोर रडवेली झाली होती, हे ऐकल्यावर जरा सावरली.

संध्याकाळी तिथल्या छोट्या मासळीबाजारात जाऊन उभे राहा. मासे कापणाऱ्या बायकांच्या मागे सी लायन आणि पेलिकन रांगेत उभे असतात.

खारंपाणी

पाण्याखालचं कोणी बोललंच नाही म्हणून लिहितोय. गॅलापागोसचं निम्मं जग पाण्याखाली आहे आणि त्यासाठी डायव्हिंग यावंच लागतं असं काही नाही, स्नॉर्कल, म्हणजे तोंडात श्वासाची नळी धरून पाण्यावर तरंगत खाली बघणं, पुरतं. सी लायनची पिल्लं स्वतःहून खेळायला येतात, तुमच्या तोंडासमोर येऊन बुडबुडे सोडतात, गिरकी घेऊन उलटी होतात, तुम्ही डुबकी मारलीत की तीही मारतात. हात लावायचा नाही, नुसतं तरंगत राहायचं.

मला मात्र सगळ्यात भारी वाटले मरीन इग्वाना, म्हणजे समुद्रात चरणारे मोठे सरडे. जमिनीवर ते ढिगाने एकमेकांवर पडून ऊन खात असतात, नाकातून मिठाचं पाणी फुर्रकन उडवतात, डोक्यावर वाळलेल्या मिठाचा पांढरा थर. तोच प्राणी पाण्यात गेला की पाय अंगाला चिकटवून शेपटीने वळवळत खाली जातो, नखांनी खडक घट्ट धरतो आणि शेवाळ खरवडून खातो, लाट आली की सगळं अंग एका बाजूला जातं पण पकड सुटत नाही. पाण्याखाली जाऊन चरतात ते मोठे नरच मुख्यतः, लहान इग्वाना ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवर खातात. एल निन्योच्या वर्षी पाणी तापतं, शेवाळ मरतं, तेव्हा ह्यांची उपासमार होते, आणि संशोधकांना असं मोजून सापडलंय की अशा काळात त्यांची लांबीसुद्धा कमी होते, म्हणजे हाडांसकट अख्खा प्राणी आखडतो आणि खाणं परत मिळालं की पुन्हा वाढतो! पेंग्विनचे हाल तर त्याहून वाईट, १९८२-८३ च्या एल निन्योत तीन चतुर्थांशाहून जास्त कमी झाले.

जुलैत पाणी थंड असतं, २० अंशांच्या आसपास, पश्चिमेला अजून कमी. वेटसूट बोटीवर भाड्याने मिळतो पण मुलांचे साइझ आधी कळवा, आयत्या वेळी नसतात. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी आत्तापासून जवळच्या पूलमध्ये लाइफजॅकेट घालून तोंड पाण्यात घालायची सवय करा, तेवढं जमलं तरी खूप दिसतं. अगदीच नको असेल तर काही बोटींवर तळाला काच असलेली छोटी होडी असते, बुकिंग करताना विचारा.

घाटावरची

किती छान लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप धन्यवाद! उत्तरं घरी मोठ्याने वाचून दाखवली, ख्रिसमस बाद, जुलै पक्का. धाकटा आत्तापासून दिवस मोजतोय.

अजून एक मनात आहे ते विचारते. आम्ही १४ जण एकत्र आलो की आवाज होतोच, मुलं पळतात, मोठे गप्पा मारतात. प्राणी घाबरत नाहीत म्हणतात, पण म्हणून आपण कसंही वागावं असं तर नाही ना? मुलांना आधी काय सांगून ठेवू? आणि माझा भाऊ-वहिनी पुण्याहून येऊ म्हणतायत, मग बरोबर १६ होतील, त्यांच्यासाठी वेगळं काही?

दुर्बीणवाला

हा प्रश्न विचारलात ते बरं केलंत, कारण माझ्या मते सगळं ह्यावरच अवलंबून आहे. हे प्राणी पळत नाहीत कारण त्यांच्या जमिनीवर माणसासारखा शिकारी पिढ्यानपिढ्या नव्हताच, ते धीट आहेत किंवा आपल्याला ओळखतात असा त्याचा अर्थ नाही, आणि त्रास झाला तरी ते जागा सोडत नाहीत म्हणून आपल्याला तो दिसत नाही. बूबी तर पायवाटेच्या मधोमध घरटं करतात. घरटं म्हणजे काय, जमिनीवर विष्ठेचं एक पांढरं वर्तुळ, आत अंडं किंवा पिल्लू. आपण घोळका करून भोवती उभे राहिलो आणि आई उठली तर पिल्लू उन्हात पडतं, आणि त्या उन्हात पिल्लाला ती सावली फार गरजेची असते.

नियम दोन मीटरचा आहे. प्राणी स्वतःहून जवळ आला तर आपण मागे व्हायचं. मुलांना एवढं सांगा की हात लावायचा नाही, खायला द्यायचं नाही, पाणी द्यायचं नाही, पायवाट सोडायची नाही, फ्लॅश नाही. पाण्याचं मुद्दाम सांगतोय, एस्पान्योलावर गोडं पाणी नाही, तिथले मॉकिंगबर्ड माणसाची बाटली बघितली की धावत येतात, बुटावर चढतात, झाकणाला टोचा मारतात, आणि मुलांना अगदी वाटतं की थेंबभर दिलं तर काय बिघडलं. गाईड ओरडेल, आणि बरोबरच ओरडेल. सी लायनच्या पिल्लाला हात लावू नका ह्याचं कारणही सांगा, आई त्याला वासाने ओळखते.

आठ वर्षांच्या मुलासाठी अजून एक. नाझ्का बूबी दोन अंडी घालतो आणि मोठं पिल्लू लहान्याला घरट्याबाहेर ढकलतं, आई-बाप मध्ये पडत नाहीत. ते समोर घडताना दिसू शकतं. जायच्या आधीच घरी बोलून ठेवा, नाहीतर मूल कोणालातरी ते उचलून आत ठेव म्हणून हट्ट धरतं आणि तसं करता येत नाही.

गप्पांचं म्हणाल तर आमच्या ग्रुपने एक पद्धत केली होती ती सुचवतो, प्रत्येक जागी गाईडचं बोलून झालं की थोडा वेळ कोणीच बोलायचं नाही, कॅमेरेही खाली. पहिल्या दिवशी मुलं चुळबुळ करतात, नंतर तीच मोठ्यांना गप्प करायला लागतात, कारण त्या शांततेतच त्यांना काहीतरी सापडतं, कोणाला खडकाच्या फटीत लाव्हा लिझर्ड नावाचा सरडा, कोणाला लाल-निळे खेकडे इग्वानाच्या पाठीवरून चालताना. तेच रात्री जेवताना सांगायचं. आणि हो, रांगेत शेवटी चाला, पुढचे लोक गेले की पक्षी परत आपापल्या कामाला लागतात आणि ते शेवटच्याला दिसतं.

पर्वतीपायथा

पुण्याहून येणाऱ्यांसाठी मी लिहितो, आम्ही इथूनच गेलो होतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे यलो फीव्हरची लस. इक्वेडोरहून भारतात परत येताना ते पिवळं सर्टिफिकेट मागतात आणि नसेल तर क्वारंटाइनची भानगड होऊ शकते. लस घेतल्यावर दहा दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. सरकारी ठरावीक केंद्रांवरच मिळते, अपॉइंटमेंटला वेळ लागतो, आणि साठीच्या पुढच्यांनी डॉक्टरांशी बोलूनच घ्यावी. व्हिसाचे नियम तिकीट काढायच्या आधी इक्वेडोरच्या वकिलातीच्या साइटवर बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

गॅलापागोसला थेट आंतरराष्ट्रीय विमान नाही, कीटो किंवा ग्वायाकिलवरूनच जायचं, मुख्य भूमीपासून साधारण हजार किलोमीटर. मध्ये एक रात्र राखून ठेवा, विमान चुकलं तर बोट थांबत नाही. कीटो उंचावर आहे, २,८०० मीटरच्या वर, ज्येष्ठांना ग्वायाकिल सोयीचं. पार्कची फी १ ऑगस्ट २०२४ पासून परदेशी प्रौढांना २०० डॉलर झालीय, १२ वर्षांखालच्यांना १००, रोख घेऊन जा, शिवाय विमानतळावर ट्रान्झिट कार्ड काढावं लागतं. तिथे अमेरिकन डॉलरच चालतात.

बॅगा विमानतळावर तपासतात. फळं, बिया, रोपं काही नेऊ नका, बुटांची माती घरीच धुवा. उगाच जाच नाहीये तो. तिथे आशियातली एक रास्पबेरी एवढी पसरलीय की स्थानिक जंगल गुदमरलंय, आणि बाहेरून आलेल्या एका माशीच्या अळ्या तिथल्या फिंच पक्ष्यांच्या पिल्लांचं रक्त पितात. खाऊचं म्हणाल तर सीलबंद पाकिटं न्या आणि विचारलं तर दाखवा. शाकाहारी जेवण बोटीवर व्यवस्थित मिळतं, भात, बीन्स, तळलेली केळी, सूप, फक्त बुकिंग करताना अंडं-मासे चालतात की नाही हे स्पष्ट लिहा, नुसतं व्हेज म्हटलं की मासे पुढे येतात. आम्ही लसणाची चटणी नेली होती, तपासणीत दाखवली, काही अडचण नाही आली.

घाटावरची

लसीचं माहीतच नव्हतं, भावाला लगेच फोन केला. आता १६ झालो, एस्पान्योलावाल्या फेऱ्याची बोट शोधतेय. शेवटचं विचारते, ती पुंता सुआरेझची पायवाट सासूबाईंना झेपेल का? त्यांना मागे ठेवून जायचं माझ्या जिवावर येतंय.

ओसरी

सगळी पायवाट अवघड आहे हो, लाव्हाचे मोठे गोटे आहेत, सपाट जागा कमी, दोन-तीन तास सहज लागतात. पण पूर्ण चालायची गरज नाही, उतरतो तिथेच सी लायन आणि लालसर-हिरव्या रंगाचे इग्वाना असतात. अडचण एवढीच की गाईडशिवाय बेटावर थांबता येत नाही आणि १६ जणांना एकच गाईड असला तर त्याला दोन ठिकाणी नाही होता येणार. म्हणून बुकिंगच्या आधीच ईमेल करून विचारा की त्या दिवसापुरता दुसरा गाईड मिळेल का, अख्खी बोट घेताय तर विचारायला काहीच हरकत नाही. नाहीच जमलं तर त्या सकाळी त्यांना छोट्या होडीतून किनाऱ्याकिनाऱ्याने फिरवून आणतील का ते विचारा. त्याच बेटावर गार्डनर बे आहे, नुसती पांढरी वाळू, तिथे सी लायनच्या कळपापासून दोन मीटरवर त्या हवा तेवढा वेळ बसू शकतात.

होडीत चढता-उतरताना खलाशी मनगटाला मनगट धरतात, हाताला हात नाही, ते घरी एकदा करून बघा. काठी रबरी टोकाची घ्या. आणि बोटीवाल्यांना मागच्या शिडीचा फोटो मागा, काही बोटींच्या पायऱ्या फार उभ्या असतात, गुडघ्याला चालण्यापेक्षा त्याच जड जातात.